मास्तरांच्या मापाचा बाक

बाक अंगणात ठेवल्यापासून एकोणीस दिवसांत त्यावर चौदा माणसे बसली आणि त्यांपैकी एकानेही तक्रार केली नाही. ज्यांच्या मापाने तो बनवला होता, त्या एकट्या दर वेळी दहा मिनिटांच्या आत उठून घरात गेल्या.

त्या म्हणजे मास्तर. चाळीस वर्षे कपडे शिवल्यामुळे सारे गिऱ्हाईक त्यांना मास्तर म्हणे, आणि ‘मास्तर आल्या का?’ या वाक्यातले व्याकरण कोणालाही खटकत नसे. उंची चार फूट नऊ इंच, आवाज त्याच्या दुप्पट. काही महिन्यांपूर्वी दुकानाच्या पायरीवरून घसरून त्यांच्या डाव्या पायाच्या नडगीचे हाड मोडले, आणि प्लास्टर निघेपर्यंत म्हणून त्या मुलाकडे राहायला आल्या.

मुलगा वजनमापे तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत होता. दुकानदारांचे तराजू, कारखान्यांतल्या पट्ट्या, दूधवाल्यांची मापे हे सारे त्याच्या टेबलावरून जाई आणि त्याची खात्री पटल्याशिवाय शिक्का लागत नसे. कचेरीत त्याला ‘मिलिमीटर’ म्हणत. हे नाव कधीतरी घरी येऊन पोचले आणि बायकोला इतके आवडले, की ती त्याला दुसऱ्या नावाने हाक मारीनाशी झाली. ती शाळेत भूगोल शिकवत असे आणि तिच्या मते कोणतेही अंतर ‘साधारण इतके’ सांगितले तरी माणूस पोचतोच.

प्लास्टर निघाले तेव्हा डॉक्टरांनी हाड उत्तम जुळल्याचे सांगितले. चाला, मोकळ्या हवेत बसा, हळूहळू कामाला लागा. कामाला लागणे याचा मास्तरांच्या लेखी एकच अर्थ होता: दुकान आणि पायाने चालवायचे शिलाई मशीन. पण दुकान बंद होऊन तीन महिने झाले होते आणि जागेच्या मालकिणीने निरोप पाठवला होता, की चालू ठेवणार की सोडणार ते पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवा. दुसरे कोणी विचारते आहे.

त्यावर मास्तरांनी स्वतःच स्वतःची परीक्षा ठरवली.

“अंगणात बसायला काहीतरी कर मला,” त्या मुलाला म्हणाल्या. “हात असलेला बाक. मशीनवर मी एका बैठकीत अर्धा तास सहज बसायचे. त्या बाकावर अर्धा तास सलग बसता आलं, तर दुकान उघडीन. नाही आलं, तर किल्ली देऊन टाकीन. उगाच लोकांची कापडं अडकवून ठेवायची नाहीत.”

मिलिमीटरला परीक्षा पसंत पडली. तिला आकडा होता.

लाकूड त्याने प्रयोगशाळेतूनच आणले. उपकरणे ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्या चांगल्या दोन सेंटिमीटर जाडीच्या असत आणि त्या मागच्या शेडमध्ये नुसत्या पडून होत्या. करवत, रंधा आणि गुण्या त्याच्याकडे होते. राहिली मापे. तो पोलादी पट्टी घेऊन आईसमोर बसला, तर आईने ती पट्टी त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवली.

“तू माझी मापं घेणार? चाळीस वर्षं मी अख्ख्या गावाची मापं घेतली. सूनबाई, ये इकडे, टोक धर फक्त.”

सुनेने टेपचे टोक धरले. मास्तरांनी टेप ताणली, आकडा मनात वाचला, दुकानाच्या वहीत पेन्सिलीने लिहिला आणि ते पान फाडून मुलाच्या हातात दिले. तीन ओळी होत्या. गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत, अनवाणी: साडेएकेचाळीस सेंटिमीटर. पाठीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत: साडेसेहेचाळीस. बैठकीपासून कोपरापर्यंत: तेवीस.

पुढचे काम मिलिमीटरच्या आवडीचे होते. बसायची जागा माणसाला त्रास का देते, यावर त्याने दोन आठवडे वाचन केले. उंची जास्त झाली तर पाय लोंबकळतात, कमी झाली तर गुडघे वर येतात आणि उठताना जोर लागतो. खोली जास्त झाली तर पुढची कड गुडघ्याच्या मागे रुतते, कमी झाली तर मांडी अधांतरी राहते. अंगणात माणूस चपला घालून बसतो, म्हणून त्याने उंचीत तळव्याचे अडीच सेंटिमीटर मिळवले: चव्वेचाळीस. गुडघ्याच्या मागे पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, म्हणून खोलीतून पाच वजा केले: साडेएकेचाळीस. हात बैठकीपासून बरोबर तेवीसवर. बैठकीला मागे पाच अंशांचा उतार, पाठीला पंधरा. पुढची कड त्याने कानशीने आणि पॉलिश पेपरने इतकी गोलवली, की बायको म्हणाली, “आता बस कर, नाहीतर त्याचं लाटणं होईल.”

तीन रविवार गेले आणि बाक तयार झाला. कोणत्याही मापात एका मिलिमीटरहून अधिक फरक नव्हता. त्याने तपासले होते.

पहिल्या दिवशी मास्तर बसल्या. त्यांनी बाकाच्या हातावरून हात फिरवला, एका सांध्यात नख घालून पाहिले, ते आत जाईना तेव्हा मान डोलावली, आणि “छान झालाय रे,” म्हणाल्या. आठ मिनिटांनी त्या उठल्या. डाळीला फोडणी द्यायची होती म्हणे. डाळ सुनेने तासापूर्वीच उतरवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सात मिनिटे. ऊन लागत होते. तिसऱ्या दिवशी नऊ. फोन येणार होता. चौथ्या दिवशी साडेसहा, काहीतरी चावले. मिलिमीटरने वहीत चार रकाने आखले: तारीख, मिनिटे, हवा, सांगितलेले कारण. मधले दोन रकाने रोज सारखेच दिसू लागले. चौथ्यात मात्र रोज नवीन साहित्य निर्माण होत होते.

दरम्यान इतरांनी बाकाचा ताबा घेतला. शेजारचे निवृत्त पोस्टमन सकाळी सात वाजता वर्तमानपत्र घेऊन येत ते दहाला जात.

“काय केलंयस रे हे!” ते म्हणत. “आयुष्यभर सायकलच्या सीटवर बसलो, बसणं म्हणजे काय ते आज कळलं. परवा तर डोळाच लागला.”

“किती मिनिटांनी?” मिलिमीटरने विचारले.

पोस्टमनकाकांनी त्याच्याकडे दयेने पाहिले.

मिलिमीटरचा नवस-सायासावर विश्वास नव्हता आणि ‘आईंना ती जागाच लाभत नाही’ असे मोलकरणीने सुचवले तेव्हा त्याने तिला फक्त ‘मग कोणती दिशा लाभेल?’ एवढेच विचारले. कारण असलेच पाहिजे आणि ते एकेक बाजूला काढले की शेवटी हाती लागले पाहिजे, एवढे तो धरून चालला होता. पहिल्याने त्याने उन्हाचा विचार केला. बाक उचलून भिंतीच्या सावलीत ठेवला. मिनिटे: नऊ. मग त्याने पोस्टमनकाकांचा विचार केला, कारण ते बदल्यांच्या गोष्टी सांगत आणि त्या गोष्टींना शेवट नसे. त्यांना दोन दिवस न येण्याची विनंती केली. ते रागावले नाहीत, “प्रयोगासाठी ना? मग ठीक,” म्हणाले आणि कुंपणापलीकडे स्टुलावर बसून राहिले. मिनिटे: आठ, साडेआठ.

मग उरला लाकडाचा कठीणपणा. सुनेने पाच सेंटिमीटर जाडीची कापसाची गादी शिवली. शिवण तिरकी झाली आणि मास्तरांनी ती पाहून न पाहिल्यासारखे केले, यावरूनच त्यांची मनःस्थिती ठीक नसल्याचे घरात सर्वांना समजले. गादी घातली. मिनिटे: चार.

ही नोंद मिलिमीटरने दोनदा वाचली. गादीने फरक पडला नसता, तर कठीणपणा हे कारण नव्हे, एवढेच सिद्ध झाले असते. पण वेळ निम्म्यावर आला होता. बैठक मऊ केल्याने बसणे अधिक वाईट झाले. हे त्याला कुठेच बसवता येईना.

“तू आईंना विचारलंस का?” रात्रीच्या जेवणाची ताटे मांडताना बायकोने विचारले.

“विचारलं. छान आहे म्हणाली.”

“म्हणजे नाही विचारलंस.”

“अगं, विचारलं म्हणतोय ना.”

“मिलिमीटर, त्यांच्या गिऱ्हाइकांना त्या काय म्हणायच्या आठवतं? माणूस आरशासमोर ‘छान’ म्हणाला, की त्याचा कोट कुठेतरी काचतोय असं समजायचं. त्या स्वतः आता आरशासमोर उभ्या आहेत. आणि शिवणारा तू आहेस. त्या तुला कसं सांगतील?”

 महिनाअखेरीला सहा दिवस उरले होते. आई गेल्या दोन दिवसांत पूर्वीपेक्षा कमी बोलत होती आणि दुकानाचा विषय निघाला की उठून कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घातलेल्याच कपड्यांच्या. हा रकाना वहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा काढली. सकाळी अकराच्या सुमारास काजवाली आली. ती मास्तरांकडे अठरा वर्षे काज आणि बटणे करत होती, म्हणून तिचे हेच नाव पडले होते. काज ती असे घाली, की यंत्राने घातल्यासारखे वाटे. पण कात्री हातात घ्यायला ती घाबरे, त्यामुळे मास्तरांवाचून ते दुकान चालणे शक्य नव्हते, आणि दुकानावाचून तिलाही दुसरे ठिकाण शोधावे लागणार होते. मास्तर तिला अंगणात घेऊन गेल्या. मिलिमीटर खिडकीच्या आत, रंध्याचे पाते पुसत बसला होता. कान टवकारणे त्याच्या तत्त्वात बसत नव्हते, परंतु खिडकी उघडी होती.

“मास्तर, शाळेचे गणवेश यायला लागलेत,” काजवाली म्हणाली. “तीन बायका माझ्या घरी येऊन गेल्या. काय सांगू?”

“दुसरीकडे द्या म्हणून सांग.”

“असं काय करता?”

“मालकिणीला आजच निरोप देते. किल्ली तू नेऊन दे. माझा पाय गेला गं.”

“डॉक्टर तर हाड जुळलं म्हणाले!”

“हाडाचं नाही. आतून झोपतो पाय. पाच-सात मिनिटं बसले की मुंग्या, मग बधिर. पायडलवर पाय ठेवलाय की जमिनीवर ते कळायला नको? कापड सरकलं आणि बोट सुईखाली गेलं तर? नको. कधी थांबायचं ते माणसाला कळावं.”

“मुलाला सांगितलंत?”

“काय सांगू? त्याने तीन रविवार घालवून बाक केलाय. एवढासा सांधा हलत नाही त्याचा. बाक चांगलाच आहे. बघ ना, तो पोस्टमन घोरतो त्यावर. खोट माझ्यात आहे.”

मिलिमीटर पाते हातात घेऊनच बाहेर आला. काजवाली दचकून उभी राहिली.

“अगं बाई! हे काय हातात?”

“कोणत्या पायाला मुंग्या येतात?” त्याने आईला विचारले.

“चोरून ऐकतोस?”

“हो. कोणत्या पायाला?”

मास्तरांनी क्षणभर विचार केला. “दोन्ही.”

“नीट सांग. आधी डाव्याला आणि मग उजव्याला?”

“एकदमच. दोन्ही एकदमच झोपतात. का?”

“मोडला कोणता होता?”

“डावा. तुला माहीत नाही का? तूच तर रिक्षात...” मास्तर थांबल्या.

“मोडला एक आणि झोपतात दोन,” मिलिमीटर म्हणाला. “उजव्या पायाला काय झालंय? तो पडला का कुठे? त्याचं प्लास्टर काढलं का कोणी?”

काजवालीने आधी एका पायाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे.

“वय झालं,” मास्तर म्हणाल्या, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. “वयाला डावं-उजवं नसतं.”

“बरं. पलंगावर बसतेस तेव्हा येतात मुंग्या? जेवायच्या खुर्चीवर?”

“खुर्चीवर मी कुठे बसते नुसती? जेवते आणि उठते. पलंगावर... पलंगावर नाही येत. काल सगळी बटणं निवडली पलंगाच्या काठावर बसून.”

“किती वेळ?”

“दुपारभर.”

मिलिमीटरने डोळे मिटले. एकोणीस दिवस तो बाक सरकवत होता, सावली मोजत होता, एका वृद्ध गृहस्थाला स्टुलावर बसवत होता, आणि ही माहिती घरातच पलंगाच्या काठावर बसून बटणे निवडत होती.

“बस,” तो म्हणाला. “नेहमीसारखी. पाठ टेकून. अशी ताठ नको; दुकानात कोणी नसताना बसायचीस तशी.”

त्याने गादी काढून टाकली आणि मास्तर बसल्या. तो आत जाऊन कागद घेऊन आला आणि त्यांच्या पायाशी उकिडवा बसला. कागद त्याने जमिनीवरून उजव्या टाचेकडे सरकवला. कागद चपलेखालून अडथळ्याविना आरपार निघून दुसऱ्या बाजूने बाहेर आला. डाव्या पायाचीही तीच गत. चपलांचा फक्त पुढचा भाग जमिनीला टेकला होता. टाचा अधांतरी होत्या.

“तुम्ही तर चवड्यावर बसलाय मास्तर!” काजवाली म्हणाली. “फळीवरचा गठ्ठा काढताना उभ्या राहता तशा.”

मिलिमीटरने बैठकीची पुढची कड आणि आईच्या गुडघ्याचा मागचा भाग यांमध्ये बोट घालून पाहिले. तिथे पाच सेंटिमीटर जागा सोडली होती. करंगळी जेमतेम गेली.

पायाला आधार नसला, की पायांचे सारे वजन मांडीच्या मागच्या बाजूने कडेवर लोंबते. तिथल्या शिरा दाबल्या जातात आणि दोन्ही पाय, मोडलेला असो वा धडधाकट, सारखेच बधिर होतात. गादीने बैठक आणखी उंच केली होती, म्हणून वेळ निम्म्यावर आला. गादी बिचारी खरे बोलत होती. ती काय सांगते आहे, हे कोणी ऐकले नव्हते.

शेडमध्ये खोक्याच्या फळ्यांचे तुकडे उरले होते. त्याने दोन तुकडे आणून एकावर एक ठेवले आणि आईचे पाय त्यांवर टेकवले. टाचा टेकल्या. गादी खाली घालण्याऐवजी त्याने ती पाठीमागे दिली. मास्तर थोड्या पुढे सरकल्या आणि गुडघ्यामागची कड सुटली.

“आता तुम्ही दोघी गणवेशांचं बोला,” तो म्हणाला. “मी इथे नाही असं समजा.”

“इथे नाही म्हणे! घड्याळ काढून उभा आहेस तो.”

त्याने घड्याळ खिशात घातले आणि आत जाऊन खिडकीपाशी बसला. या खेपेला खिडकीने त्याला कसलाही संकोच वाटला नाही.

 सुरुवातीला मास्तरांचे लक्ष पायांकडे होते. जो पाहुणा हमखास येणार, त्याची वाट पाहावी तसे. मग काजवाली म्हणाली, की त्या तीन बायकांपैकी एकीने दुसऱ्या शिंप्याकडे नमुन्याचा सदरा टाकलाही होता आणि त्याने कॉलर उलटी लावली.

“उलटी? म्हणजे कशी?”

“म्हणजे टोकं मागे.”

“अगं, टोकं मागे जातील कशी? पट्टीच बसणार नाही.”

“बसवली त्याने.”

“मेल्याने ओढून बसवली असेल. कापड तिरपं धरलं असेल. मी सांगते काय केलं असेल त्याने...” आणि मास्तरांनी सुरुवात केली. त्यांनी हवेत कॉलर कापली, हवेत ती उलटी केली, त्या शिंप्याची, त्याच्या गुरूची आणि त्याच्या कात्रीची कुंडली मांडली. मधेच त्यांनी पायांनी फळीवर ठेका धरला. पायडल मारताना धरतात तो. काजवालीने ते पाहिले. तिने फक्त आणखी एक प्रश्न विचारला, आणि मग आणखी एक.

सून शाळेतून परतली, ती फाटकातच थबकली. मिलिमीटरने तिला खिडकीतून घड्याळ दाखवले. एकेचाळीस मिनिटे झाली होती.

“आई,” तिने विचारले, “मुंग्या?”

“कसल्या मुंग्या?” मास्तर म्हणाल्या, आणि मग त्यांचे तोंड तसेच उघडे राहिले.

त्यांनी पाय उचलले, खाली टेकले, बोटे हलवून पाहिली. बाकाच्या हातांना स्पर्शही न करता त्या उठल्या आणि अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. परत येताना त्या रडत होत्या, आणि रडत असल्याचा रागही त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

“मी किल्ली द्यायला निघाले होते रे,” त्या म्हणाल्या. “आज. हिच्या हातात.”

“दिली नाहीत ना अजून,” काजवाली म्हणाली आणि तिने डोळे पुसायला तोंड वळवले. “मग सांगते मी त्या बायकांना. सोमवारपासून?”

“सोमवारपासून. आणि त्या कॉलरवालीला आधी बोलाव.”

इथे इतर कोणीही चहा टाकला असता. सुनेने टाकलाही. पण मिलिमीटर पोलादी पट्टी आणि ते फाडलेले पान घेऊन आला, कारण त्याच्या दृष्टीने अर्धाच प्रश्न सुटला होता. बाक बरोबर चव्वेचाळीस सेंटिमीटर होता. चव्वेचाळीस उंचीवर साडेएकेचाळीसच्या पायाची टाच चपलेसह टेकायलाच हवी होती. ती टेकत नव्हती. म्हणजे बाक खोटा नव्हता. पान खोटे होते.

“आता मी मापं घेणार,” तो म्हणाला. “आणि तू पट्टी काढून घेणार नाहीस.”

मास्तर बसल्या. त्याने चप्पल काढायला सांगितली आणि गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत मोजले. दोनदा. मग पाठीपासून गुडघ्यामागपर्यंत, मग कोपर. प्रत्येक आकडा त्याने पानावरच्या आकड्याशेजारी लिहिला आणि वजाबाकी केली.

साडेएकेचाळीसच्या जागी साडेसदतीस. साडेसेहेचाळीसच्या जागी साडेबेचाळीस. तेवीसच्या जागी एकोणीस.

“चार,” तो म्हणाला. “चार. आणि चार.”

“म्हणजे आईंचं मोजायला चुकलं,” बायको चहाचे कप ठेवत म्हणाली. “होतं माणसाचं. मोडक्या पायाने वाकून मोजत होत्या.”

“चुकलेलं नाही. चूक असं करत नाही. माणूस चुकतो तेव्हा एकदा दोनने जास्त लिहितो, एकदा एकने कमी. तीन जागी तीन वेगवेगळी मापं आणि तिन्ही बरोबर चारने जास्त, ही चूक नव्हे. ही पद्धत आहे.” तो तिच्याकडे वळला. “तू टोक धरलं होतंस ना? आकडा बघितलास?”

“मी टोक धरलं होतं. वाचत त्या होत्या. आणि मोठ्याने वाचत नव्हत्या.”

“टेप तुटकी असेल सुरुवातीला.”

“माझी टेप?” मास्तर उसळल्या. “आण रे ती टेप. आण!”

टेप आणली. पट्टीशेजारी ठेवली. ती अचूक होती. मास्तरांनी विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले.

“मग हे चार आले कुठून?” मिलिमीटरने विचारले.

मास्तरांनी पान हातात घेतले, दूर धरून वाचले आणि त्यांना खरोखरच नवल वाटले. “कुठून म्हणजे? चार नकोत का? दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. माया नको ठेवायला?”

 शिवणीच्या आत दोन्हीकडे दाबून ठेवायच्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात, हे मिलिमीटरला अर्थातच ठाऊक होते. तो त्या दुकानात वाढला होता. ती लाकडालाही ठेवली जाईल, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

“माया मी कापताना धरीन ना, आई. तू मला अंगाचं माप द्यायचं.”

“आमच्या वहीत अंगाचं माप नसतंच,” काजवालीने तोंड घातले. ती हसू दाबत होती आणि ते जमत नव्हते. “माझ्यामुळे. मी नवीन होते तेव्हा एकदा कापायला बसले. वहीत अंगाचं माप होतं, मी तेच कापलं. वकिलांचा कोट! कोर्टात त्यांना हात वर करता येईना. म्हणे, साक्षीदार शपथ घेत होता, पण त्याच्यापेक्षा मीच अवघडलो. त्या दिवसापासून मी कात्रीला हात लावला नाही, आणि त्या दिवसापासून मास्तर माया मनात मिळवूनच आकडा लिहितात. वहीतला आकडा म्हणजे थेट कापायचा आकडा.”

“मग?” मास्तर म्हणाल्या. “अठरा वर्षांत एक कपडा आखूड झाला नाही माझ्याकडे.”

“बाकही आखूड झाला नाही,” सून म्हणाली, आणि मग सगळेच हसायला लागले. मास्तर सर्वांत शेवटी हसल्या आणि सर्वांत जास्त वेळ. हसता हसता त्यांनी विचारले, “पण मग बाकीचे सगळे कसे बसत होते रे त्यावर?”

“तुझ्या प्रत्येक मापात चार सेंटिमीटर मिळवून तू सर्वसाधारण उंचीच्या माणसाचं माप लिहिलं होतंस. बाक पोस्टमनकाकांना आणि तेरा जणांना अगदी बेतून शिवल्यासारखा झालाय.”

कुंपणापलीकडून पोस्टमनकाका म्हणाले, की कापाकापी करण्याआधी निदान आजची दुपार त्यांना द्यावी.

दुपार त्यांना मिळाली. संध्याकाळी मिलिमीटरने चारी पाय चार सेंटिमीटरने कापले, हात चारने खाली उतरवले आणि पाठ चारने पुढे घेतली. मास्तर बसल्या, टाचा टेकल्या, आणि त्या म्हणाल्या, “जरा काचत होता आधी. सांगायचं राहिलं.” मग त्याने वही उघडली आणि पाचवा रकाना आखण्याऐवजी पानाखाली रेघ मारून लिहिले:

मापे घेणारीने आपल्या रीतीप्रमाणे प्रत्येक आकड्यात शिवणीसाठी चार सेंटिमीटर मिळवून लिहिले. बनवणाऱ्याने ते अंगाचे माप समजून त्यावर आपले हिशेब केले. रोज इतरांची मापे तपासणाऱ्या या माणसाने हे एक माप तपासले नाही, कारण ते आईने लिहिले होते. त्यामुळे बैठक चार सेंटिमीटर उंच आणि चार सेंटिमीटर खोल झाली, टाचा जमिनीला टेकल्या नाहीत, कड गुडघ्यामागे रुतली आणि दोन्ही पाय बधिर झाले. पायांत दोष नव्हता.